कंपनी म्हणते माल फाडा. तो आश्रमशाळेला देता येईल का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात एका बिस्किट कंपनीचा वितरक आहे. टार्गेटसाठी गळ्यात मारलेल्या मालापैकी सुमारे दोनशे पेट्या पडून आहेत. जीएसटी सोडून खरेदी १ लाख ८० हजारांची. एक्सपायरीला दीड महिना आहे, पण दुकानदार आता हात लावत नाहीत. कंपनी क्रेडिट नोट (मालाची किंमत आपल्या खात्यात जमा केल्याचा कागद) देते, माल मात्र परत नेत नाही. पाकिटं ब्लेडने चिरायची, वरून फिनेल ओतायचं, बॅच नंबर दिसेल असा व्हिडिओ एरिया मॅनेजरला पाठवायचा आणि उरलेलं गोडाऊनमागे जाळायचं, असा आदेश आहे. मला हा माल आश्रमशाळेला द्यायचा आहे. मॅनेजर म्हणतो, ‘एजन्सी जाईल’. सी.ए. म्हणतात, नष्ट केला तर टॅक्समध्ये फायदा. कंपनीचं वेष्टण काढून सुटी बिस्किटं दिली तर चालेल का? परदेशात म्हणे माल फेकायलाच बंदी आहे, मग आपल्याकडे का नाही?

उत्तर : मुदतीतला, खाण्यायोग्य माल दान करायला भारतातला कोणताही कायदा तुम्हाला अडवत नाही. तुम्हाला अडवतो तो तुमचा क्लेम फॉर्म, म्हणजे कंपनीकडे पैसे परत मागताना तुम्ही भरता तो कागद. हा फरक लक्षात ठेवा, कारण तुमची सगळी अडचण त्याच्याभोवती फिरते.

बिल तुमच्या नावावर, पैसे भरलेले, माल तुमच्या ताब्यात. वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, या पेट्यांचे मालक तुम्ही आहात. मालकाने आपली वस्तू कोणाला फुकट द्यावी हे कंपनी सांगू शकत नाही. पण कंपनी जेव्हा १ लाख ८० हजार परत करते, तेव्हा ते ‘माल नष्ट केला’ या तुमच्या सहीच्या दाखल्यावर करते. तो दाखला द्यायचा, क्रेडिट नोट घ्यायची आणि पेट्या शाळेत पोचवायच्या, हे तिन्ही एकत्र करायला जाऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी खोट्या दाखल्यावर पैसे उचलले, एवढंच कागदावर उरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करायला कंपनीला तेवढं पुरेसं आहे.

‘एवढा चांगला माल, आणि कंपनीला त्यावर फिनेल का ओतायचं असतं?’ हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न. बाजारभाव पडू नये, नाव हलकं होऊ नये, ही कारणं खरी आहेत. पण महागड्या कपड्यांच्या ब्रँडला ती जास्त लागू पडतात. बर्बेरीने २०१८च्या वार्षिक अहवालात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं मान्य केलं होतं आणि गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी ती प्रथा बंद केल्याचं जाहीर केलं. पाच-दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याचं गणित वेगळं असतं. परत न्यायचं भाडं मालाच्या किमतीला भारी पडतं, हे एक. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे माल फिरून येतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात क्लेम झालेल्या पेट्या कुणीतरी ‘वाटल्या’. त्या आठवडे बाजारात विकल्या गेल्या, तिथून एका किराणा दुकानात पोचल्या, आणि दुकानदाराने त्याच पेट्या शेजारच्या तालुक्यातल्या वितरकाकडे एक्सपायरी म्हणून परत केल्या. एकाच मालावर कंपनीने दोनदा पैसे मोजले. काही पुड्यांवरची तारीख थिनरने पुसून नवी छापली होती. बोट फिरवलं की जुन्या शाईचा खरखरीत डाग लागायचा. हे पाहिल्यावर कंपन्यांच्या संशयाला मी अगदीच निराधार म्हणत नाही.

तिसरं कारण जबाबदारीचं. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ फुकट दिलं म्हणून अन्नाला सूट देत नाही. कलम २७ मुदत संपल्यानंतर पुरवलेल्या मालासाठी वितरकाला जबाबदार धरतं, आणि तिथे ‘विकलेल्या’ नाही, ‘पुरवलेल्या’ मालाची भाषा आहे. असुरक्षित अन्नाने कुणाचा जीव गेला तर कलम ५९ खाली किमान सात वर्षं कैद आणि किमान १० लाख दंड. म्हणून एक्सपायरीची तारीख ही तुमची लक्ष्मणरेषा. तिच्या दुसऱ्या दिवशी हा माल कुणालाही द्यायचा नाही, मागितला तरी नाही. आणि दीड महिना शिल्लक आहे म्हणून शेवटच्या आठवड्यात देऊ नका. शाळेत दोनशे पेट्या संपायला किती दिवस लागतील याचा हिशेब करून आताच द्या.

वेष्टण काढायची कल्पना पूर्णपणे सोडून द्या. त्याच कलम २७ मध्ये, उत्पादक कोण हे ओळखता येत नाही अशा अन्नासाठीही वितरक जबाबदार आहे. शिवाय तारीख, बॅच, घटक सगळं गेलं की उद्या एका मुलाला उलट्या झाल्या तर दोष कारखान्याचा, गोडाऊनचा की शाळेच्या कोठीतल्या उंदरांचा, हे सिद्ध करायचं साधनच तुम्ही फाडून टाकलेलं असेल. कलम ८० तुम्हाला ‘मी योग्य ती सर्व काळजी घेतली’ असा बचाव देतं, पण तो बचाव कागदांवर उभा राहतो. राहिली ट्रेडमार्कची भीती, तर कंपनीच्या नावाचा अस्सल माल, आहे त्याच स्थितीत दिल्याने उल्लंघन होत नाही. ट्रेडमार्क अधिनियमाच्या कलम ३० मध्ये कंपनीला आक्षेप घ्यायची जागा आहे ती मुख्यतः मालाची स्थिती बदलली वा बिघडली तर. मॅनेजरने तशी नोटिसीची धमकी दिली तर घाबरू नका.

आता सी.ए.साहेबांचा मुद्दा. जीएसटीपुरतं ते चूक आहेत. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) नष्ट केलेला माल आणि भेट दिलेला माल एकाच ओळीत बसवतं. दोन्हींवर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत करावं लागतं. बिस्किटांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, म्हणजे तुमच्या मालावर प्रश्न ९ हजारांचा आहे. फाडा किंवा वाटा, ते जाणारच. (कंपनी जीएसटीसह क्रेडिट नोट देते की नुसती कमर्शिअल, म्हणजे जीएसटी न धरलेली, हे विचारून घ्या. कमर्शिअल असेल तर हे ९ हजार तुमच्या खिशातून जातात. ते वेगळे मागा.)

आयकरात मात्र त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि मला ते कायद्याचं वैगुण्य वाटतं. माल नष्ट झाला तर तो धंद्यातला तोटा म्हणून दाखवता येतो. दान केला तर अधिकारी म्हणणार की हा खर्च धंद्यासाठी नव्हताच. आणि दानावरची आयकर सवलत (‘८०जी’) फक्त पैशाच्या रूपातल्या दानाला आहे. वस्तूंचं कितीही दान केलं तरी वजावट शून्य. चांगला माल फाडणाऱ्याला वजावट आणि तोच मुलांना देणाऱ्याला काही नाही, अशी ही रचना आहे.

यातून एक सरळ वाट निघते, ती सी.ए.ना दाखवा. माल दान न करता मुदतीच्या आत पडत्या भावाने विका. पेटी ९०० ला घेतलीत, ३०० ला संस्थेला बिलावर द्या. पैसे गावातल्या एखाद्या दात्याने संस्थेला दिले तर उत्तमच. विक्री झाली की १७(५)(एच) लागत नाही, इनपुट क्रेडिट शाबूत राहतं, ६० हजारांवर ३ हजार जीएसटी भरायचा, आणि उरलेला तोटा व्यापारी तोटा. दोन पथ्यं पाळा. संस्था तुमच्या नात्यागोत्याची नको, आणि भाव नाटकी एक रुपयाचा नको. दीड महिना उरलेल्या मालाला बाजारात जो खरोखर मिळेल तेवढा असावा. अर्थात या वाटेने गेलात तर क्रेडिट नोट विसरायची.

एजन्सी जाईल का? इथे तुम्हाला गोड बोलून उपयोग नाही. बहुतेक वितरक करारांत तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवायची मुभा असते, आणि कारण द्यावं लागत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस (१९९१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा करारात वितरकाला एजन्सी परत मिळणार नाही, फार तर नोटीस कालावधीची भरपाई मिळेल, असं ठरवलं. म्हणजे तुम्ही कायद्याने बरोबर असूनही एजन्सी गमावू शकता. तेव्हा भांडण न करता लेखी परवानगी मागणं हाच शहाणपणा. मॅनेजरशी फोनवर बोलू नका. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ई-मेल करा आणि मॅनेजरला प्रत ठेवा. मजकूर साधारण असा :

‘खालील बॅचच्या दोनशे पेट्या मुदतीत व चांगल्या स्थितीत आहेत. त्या नष्ट करण्याऐवजी अमुक संस्थेला देण्याची परवानगी व त्याच मूल्याची क्रेडिट नोट मिळावी. प्रत्येक पुड्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारला जाईल, संस्थेची बॅचनिहाय पोच व वाटपाचे फोटो पाठवले जातील आणि यातील कोणत्याही मालाचा पुन्हा क्लेम होणार नाही, याची हमी आम्ही देतो.’

कंपनीची खरी भीती दुहेरी क्लेमची असते. पुड्यापुड्यावर शिक्का म्हटलं की ती बरीच कमी होते. पेटीवर एकच शिक्का मारून काम भागवू नका, पेटी फुटली की तो गेला. बॅच आणि तारीख मात्र झाकली जाता कामा नये. अन्न गोळा करून वाटणारी संस्था मध्ये घेणार असाल तर तिची एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी पाहा. उरलेलं अन्न वाटण्यासाठी या प्राधिकरणाचे २०१९चे विनियम आहेत आणि त्यांनुसार संस्थेची नोंदणी लागते.

परदेशाबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. फ्रान्समध्ये २०१६पासून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटना खाण्यायोग्य माल मुद्दाम नासवायला मनाई आहे आणि दानासाठी संस्थांशी करार करावा लागतो. अमेरिकेत सद्भावनेने अन्न देणाऱ्याला १९९६च्या एका कायद्याने दाव्यांपासून संरक्षण दिलं. युरोपीय संघाने न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करण्यावर मोठ्या कंपन्यांसाठी १९ जुलै २०२६ पासून बंदी ठरवली. आपल्याकडे अशी सक्ती नाही. आपल्या २०१९च्या विनियमांनी दानाची पद्धत आखून दिली. दान करायलाच लावलं नाही.

शेवटी, परवानगी मिळाली नाही आणि क्रेडिट नोटच घ्यायचं ठरवलंत, तरी गोडाऊनमागे काही जाळू नका. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार भरपाई लावता येते, आणि ती जाळणाऱ्याला लागते, व्हिडिओ मागणाऱ्याला नाही. प्लास्टिक वेगळं काढून रिसायकलवाल्याला द्या. ‘जाळा’ असा आदेश लेखी आला असेल तर तो मेसेज जपून ठेवा. ई-मेलला आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर करारनाम्याची प्रत, क्लेमचे नियम आणि मालाची बिलं घेऊन तुमच्या वकिलांना भेटा; त्यांना आधी करारातलं करार संपवण्याचं आणि लवादाचं (आर्बिट्रेशनचं) कलम वाचायला सांगा.