ड कसा निवडायचा? दोन वजनांचा एक कोड हातानं सोडवून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ८१ घटकांच्या सांत क्षेत्रातून कुठलेही वीस घटक उचलून ड हा संच केला, क्षेत्रातल्या प्रत्येक ब साठी ड मधल्या सगळ्या क्ष वर ट्रेस(बक्ष) च्या किमती ओळीनं मांडून (ट्रेस म्हणजे घटक + घटक³ + घटक⁹ + घटक²⁷, उत्तर ०, १ किंवा २; अशी प्रत्येक ओळ म्हणजे एक कोडवर्ड) ३ घटकांच्या क्षेत्रावरचा कोड बनवला, तर आठ-नऊ वेगवेगळी वजनं (कोडवर्डमधल्या शून्येतर जागांची संख्या) आली. पेपरांत मात्र दोन-तीनच दिसतात. मग ही मंडळी ड आणतात कुठून?

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या रचनेच्या अंगात स्वतःचं काही नाही. कुठलाही लिनियर कोड असा लिहिता येतो. ड म्हणजे जनरेटर मॅट्रिक्सचे (ज्याच्या ओळींपासून सगळे कोडवर्ड बनतात त्याचे) स्तंभ, बस्स. ब च्या कोडवर्डचं वजन काढायचं तर ड मधल्या किती क्ष साठी ट्रेस(बक्ष) = ० होतं ते मोजायचं आणि ड च्या संख्येतून वजा करायचं. ही मोजणी ड वरच्या कॅरेक्टर-बेरजांनी होते, म्हणजे १ च्या घनमुळाचे ट्रेसइतके घात घेऊन केलेल्या बेरजांनी. ब फिरवत गेल्यावर या मोजणीची जितकी उत्तरं येतात, तितकी वजनं. यादृच्छिक ड घेतला की ती विखुरणारच. वर्गावरून ड घेतला तर ती आवरता येतात, कारण वर्ग पूर्ण करता येतो.

तुमच्याच क्षेत्रात करून दाखवतो. ड मध्ये ट्रेस(क्ष²) = ० असलेले सगळे शून्येतर क्ष घ्या. केलान डिंग आणि त्सुनशेंग डिंग यांनी २०१५ मध्ये हीच कल्पना कुठल्याही विषम मूळसंख्येसाठी मांडली. ८१ च्या क्षेत्रात वर्गांची गाऊस-बेरीज (सगळ्या क्ष साठी १ च्या घनमुळाचा ट्रेस(क्ष²) वा घात घेऊन केलेली बेरीज) −९ येते. १ आणि २ हे दोन्ही तिथे वर्ग आहेत, म्हणून घातात ट्रेस(क्ष²) ला १ नं गुणा की २ नं, बेरीज तीच. उत्तरांची संख्या (८१ − ९ − ९)/३ = २१, शून्य वगळून २०. तुमच्याइतकीच लांबी.

आता शून्येतर ब घ्या. ट्रेस(क्ष²) = ० आणि ट्रेस(बक्ष) = ० दोन्ही पाळणारे क्ष किती? दोन्ही ट्रेसना प्रत्येकी ०, १, २ नं गुणून होणाऱ्या नऊ बेरजा जमवून ९ नं भागायचं. एक बेरीज ८१ देते, दोन प्रत्येकी −९ देतात, दोन शून्य होतात. उरलेल्या चारांत वर्ग पूर्ण करा: प्रत्येकीत −९ ला १ च्या एका घनमुळानं गुणलेलं असतं, आणि ते घनमूळ ब कडून फक्त ट्रेस(ब²) पाहतं. ट्रेस(ब²) = ० असेल तर चौघींची बेरीज −३६, म्हणजे (८१ − १८ − ३६)/९ = ३. नसेल तर ती +१८, म्हणजे (८१ − १८ + १८)/९ = ९. शून्य वगळलं की २ किंवा ८. वजनं १८ आणि १२. १८ चे कोडवर्ड २०, १२ चे ६०. ब स्वतः ड मध्ये आहे की नाही, एवढंच वजन सांगतं! मी हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं त्या दिवसापासून हा विषय माझा झाला. पडताळा: २०×१८ + ६०×१२ = १०८०, आणि ड मधला प्रत्येक क्ष २×२७ ब साठी शून्येतर किंमत देतो, म्हणून २०×२×२७ सुद्धा १०८०.

क्ष आणि −क्ष दोन्ही ड मध्ये आहेत, त्यामुळे प्रत्येक स्तंभ दोनदा आलाय. अर्धे ठेवले की [१०, ४] कोड (लांबी १०, मिती ४), वजनं ६ आणि ९. भूमितीत हे एलिप्टिक क्वाड्रिकचे (द्विघाती समीकरणानं मिळणाऱ्या, एकही सरळ रेषा नसलेल्या पृष्ठभागाचे) १० बिंदू. प्रत्येक कोडवर्ड म्हणजे एक प्रतल, आणि त्यावरचे बिंदू म्हणजे कोडवर्डमधली शून्यं. प्रत्येक प्रतल त्यांना १ किंवा ४ बिंदूंत भेटतं. ८१ शिरोबिंदू घेऊन ज्यांची वजाबाकी ड मध्ये आहे ते जोडले तर मिळतो ब्रॉवर-हेमर्स ग्राफ: प्रत्येकाला २० शेजारी, जोडलेल्या दोघांचा १ सामाईक शेजारी, न जोडलेल्यांचे ६. दोन वजनांचे कोड आणि असे ग्राफ यांचं नातं देल्सार्तनं १९७२ मध्ये दाखवलं. म्हणून नवा कोड मिळाला असं वाटलं की कॅल्डरबँक आणि कँटर यांचा दोन वजनांच्या कोडांच्या भूमितीवरचा १९८६ चा लेख आधी चाळा. जुनाच कोड नव्या बहुपदीचा वेश घालून येतो, हे फार वेळा होतं.

सीक्रेट शेअरिंगसाठी (एक गुपित अनेकांत वाटून ठेवण्यासाठी) वापरणार असाल तर एका ठिकाणी जपा. तिथे कोडवर्ड मिनिमल लागतात: एखाद्याच्या आधारात (शून्येतर जागांच्या संचात) त्याची पट नसलेल्या दुसऱ्या कोडवर्डचा आधार सामावता कामा नये. अशिखमिन-बार्ग यांची १९९८ ची अट सांगते की लहान वजन भागिले मोठं वजन हे २/३ पेक्षा जास्त असेल तर सगळे कोडवर्ड मिनिमल. इथे १२/१८ बरोबर २/३. बरोबरी चालत नाही, आणि अट पुरेशी आहे, आवश्यक नाही, म्हणून स्वतः तपासावं लागतं. तपासलं तर कोड मिनिमल नाहीच: स्पर्श-प्रतलात एकच बिंदू, त्याच बिंदूतून जाणारं ४ बिंदूंचं प्रतल घ्या, त्याचा आधार पहिल्याच्या आधारात सामावतो. हीच रचना ७२९ च्या क्षेत्रात करा: लांबी २६०, वजनं १६२ आणि १८०, गुणोत्तर ०.९. तिथे काळजी नाही.

आता २७ च्या क्षेत्रात हेच स्वतः करा. घातांक विषम असल्यानं गाऊस-बेरीज १ आणि २ साठी वेगळी चिन्हं घेते आणि वजनं तीन होतात. लांबी ८, वजनं ४, ६, ८ आणि त्यांचे कोडवर्ड १२, ८, ६ यायला हवेत. न आले तर तुमचं गणित इथे टाका, चिन्ह कुठे निसटलं ते पाहू.