कोणतं बोट, कोणता हात?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. (प्राणिशास्त्र) झाली. आता मेडिकल कोडिंगचा क्लास लावायचा म्हणते. मैत्रिणीच्या वह्या आणून सध्या बोटांच्या आजारांचे आकडे पाठ करत बसते. क्लासवाले शंभर टक्के नोकरीची हमी देतात, पण फी एकरकमी मागतात. एवढं शिकून बोटांना नंबर द्यायचे का? यात पुढे काही आहे का? – एक आई, कराड

उत्तर : ताई, नमस्कार. 'बोटांना नंबर द्यायचे का' हा तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, कारण या कामात माणूस टिकणार की नाही हे बऱ्याचदा बोटांच्या प्रकरणातच कळतं.

आधी काम काय ते सांगते. अमेरिकेत डॉक्टरांनी रुग्णाला तपासलं की विमा कंपनीला बिल जातं. त्यात आजार आणि उपचार शब्दांत लिहून भागत नाही, ठरलेल्या कोडमध्ये द्यावे लागतात. कोडर डॉक्टरांच्या नोंदी वाचून ते कोड लावतो. हे काम पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नईत बसून होतं. संगणकाच्या प्रोग्रॅमिंगशी त्याचा संबंध नाही. हे वाचनाचं काम आहे.

ट्रिगर फिंगर घ्या. सकाळी उठल्यावर बोट वाकलेलंच राहतं, सरळ करायला गेलं की टक्कन सुटतं. तुमच्या ओळखीत कुणाला तरी झालं असेल. अमेरिकेच्या जुन्या यादीत कोणत्याही बोटाच्या ट्रिगर फिंगरला एकच कोड होता, ७२७.०३. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची नवी यादी लागू झाली आणि प्रत्येक बोट वेगळं झालं. उजव्या हाताच्या अनामिकेला एम६५.३४१, डाव्या हाताच्या अनामिकेला एम६५.३४२. अंगठ्याचा वेगळा, करंगळीचा वेगळा. आता निदानात डावा हात पडला आणि ऑपरेशनच्या कोडपुढे उजव्या अनामिकेची खूण, म्हणजे एफ८, लागली, तर विमा कंपनी पैसे अडवू शकते. डॉक्टरांचं काम चोख असतं, रुग्ण बरा झालेला असतो, आणि बिल एका आकड्यापायी परत येतं.

हाड मोडलं असेल तर आणखी बारकाईनं वाचावं लागतं. कोणत्या बोटाचं कोणतं पेर, हाड जागचं हललं का, जखम उघडी आहे का, हे सगळं नोंदीत शोधायचं. कोडच्या शेवटी सातवं अक्षर येतं. नवशिके तिथे हमखास चुकतात. 'ए' म्हणजे पहिली भेट असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात मोडलेल्या हाडावर मूळ उपचार चालू असेपर्यंत 'ए' (जखम उघडी असेल तर वेगळं अक्षर), आणि हाड नीट जुळत असताना नुसतं प्लास्टर बदलायला किंवा तपासणीला रुग्ण आला की 'डी'. डॉक्टर नवा असला तरी मूळ उपचार चालू असेल तर 'ए'च राहतं.

आणि एक जागा तर मला फार शिकवणारी वाटते. नोंदीत कधी कधी नुसतं 'फोर्थ फिंगर' लिहिलेलं असतं. अंगठ्यापासून मोजलं तर ती अनामिका, तर्जनीपासून मोजलं तर करंगळी. चांगला कोडर अशा वेळी अंदाज बांधत नाही. एक्स-रेचा अहवाल उघडतो, ऑपरेशनची नोंद वाचतो, तरीही उलगडलं नाही तर डॉक्टरांकडे लेखी विचारणा पाठवतो.

म्हणून मुलीला सांगा, आकडे पाठ करणं थांबव. दर वर्षी १ ऑक्टोबरला यादीत बदल होतात. शिवाय एएपीसी या अमेरिकन संस्थेच्या सीपीसी या कोडरसाठीच्या सर्टिफिकेट परीक्षेत कोडची पुस्तकं सोबत ठेवता येतात. चार तासांत १०० प्रश्न आणि पास व्हायला ७० टक्के. तिथे पाठांतराचा फारसा उपयोग नाही. हाताची २७ हाडं कुठे कशी बसलीत, स्नायुबंध कुठून जातात, अंगठ्याला दोनच पेरं का, हे तिला डोळे मिटून दिसायला हवं. प्राणिशास्त्राची पदवी इथे कामी येते. पास झाल्यावरही अनुभव नसेल तर सर्टिफिकेटवर शिकाऊपणाची खूण, सीपीसी-ए, राहते. पहिली नोकरी मिळवणं हाच अवघड टप्पा आहे, त्याची मनाची तयारी ठेवा.

हमीच्या भरवशावर एकरकमी फी भरू नका, हे मी ठामपणे सांगते. शंभर टक्के नोकरीची हमी कोणताही क्लास प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मागच्या तुकडीतल्या चार मुलींशी स्वतः बोला, त्या आज कुठे काम करतात ते विचारा. फी हप्त्यांत घेत नसतील तर दुसरा क्लास बघा. आणि हो, आता सॉफ्टवेअरही कोड सुचवतं. साधी, सरळ प्रकरणं त्याच्याकडे जात राहतील. हाताला काम उरेल ते अडलेल्या, अर्धवट नोंदींचं आणि दुसऱ्याचं काम तपासण्याचं. नुसती पटापट टाइप करणारी मुलगी यात मागे पडेल, खोदून वाचणारीला जागा आहे.

तुमची मुलगी कशी आहे हे घरीच बघता येईल. तिला एवढंच लिहून द्या : 'अनामिकेला ट्रिगर फिंगर, इंजेक्शन दिलं.' आणि कोड विचारा. यादीत 'हात नमूद नाही' असाही एक कोड आहे, तो लावून ती मोकळी झाली तर थोडं थांबा. 'आई, पण कोणता हात?' असं तिनं आधी विचारलं, तर क्लास लावायला हरकत नाही.