न बघितलेलं झाकू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

भंगारवाल्याकडून घेतलेल्या त्या जुन्या सागाच्या होडीबद्दलचा तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. फर्निचरवाला म्हणतो मोडून टाक, सागाचे चांगले पैसे येतील. फायबरवाला म्हणतो वरून फायबरग्लासचे दोन थर मारतो, आठवड्यात नवी करून देतो. भाऊ म्हणतो, जुन्याच्या नादी लागू नकोस, प्लायची नवी बांधू. आई म्हणते, आधी ती दारातून हलव. आणि तू मला विचारतेस, काका, यातलं कुणाचं ऐकू?

कुणाचंच नाही. चौघांपैकी एकानंही होडीच्या आत डोकं घालून बघितलेलं नाही. तूही नाहीस. तुझ्या मेसेजमध्ये रंग आहे, खर्च आहे, दिवाळीला पाण्यात सोडायची तारीख आहे, पण कण्याजवळचं, म्हणजे तळाच्या मधल्या लांब तुळईजवळचं, लाकूड कसं आहे याबद्दल एक अक्षर नाही. पहिला पगार भंगारवाल्याला दिलास याबद्दल मी काही बोलणार नाही. घेतलीस ना, मग आता ती काय आहे ते तरी बघ. न बघितलेलं झाकायचं नाही. माझ्याकडे तुला सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि पत्रभर तेच सांगणार आहे.

एक टोच्या घे आणि एक हलकी हातोडी. होडी चार ठिकाणी टेकू देऊन सरळ बसव, नाकापासून शेपटीपर्यंत दोरी ताण आणि कणा मधे उचलला गेलाय की खाली बसलाय ते आधी बघ. मग आत उतर. बरगडी, म्हणजे आतली आडवी बाकदार पट्टी, कण्यावर टेकते तिथली खाच, मागच्या आडव्या फळीचा तळ, बैठकीची फळी बाजूला टेकते त्याची खालची बाजू. सडायला सुरुवात होते ती अशाच कोपऱ्यांत. बरगड्यांखालून पाणी वाहून जायला भोकं ठेवलेली असतात. उघड्यावर पडलेल्या होडीत ती कडुनिंबाच्या पाल्यानं आणि मातीनं बुजलेली असणार. ती मोकळी करून तिथं टोच्या लाव. उंच जागी हातोडी टण्ण वाजेल, खाली गेलीस की आवाज भद्द येईल. टोच्यानं एक ढलपी उचक. लांब चिरफाळी निघाली तर लाकूड धड आहे. आडवी कट्‌कन तुटली तर कुजलंय, वरून कितीही गुळगुळीत दिसो. आणि कुजलेलं संपलं तिथं थांबू नकोस, चांगल्या लाकडात चार बोटं पुढे जा.

साग सडत नाही, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. सागसुद्धा सडतो. ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर राहिला, हवा लागली नाही, की बुरशी धरते. सागाला जास्त वेळ लागतो एवढंच. आणि तो ओलावा तळ्याच्या पाण्यापेक्षा आत साठलेल्या पावसाच्या पाण्यातून जास्त येतो.

आता फायबरचं. तुझी होडी फळ्यांना फळ्या भिडवून, फटींत कापूस ठासून केलेली आहे. लाकूड पाणी प्यायलं की आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. आपल्या मे महिन्यात त्याच फळ्या आकसतात, फटींतून उजेड दिसतो. पाण्यात सोडली की फुगून फटी मिटतात. होडी अशीच चालते. तिच्या अंगावर न हलणारं कातडं चढवलंस तर लाकूड खालून हलत राहणार, कातडं सुटणार, मधे पाणी शिरणार आणि बाहेर यायला वाट नसणार. पहिल्या वर्षी चकचकीत दिसेल. नंतर आत काय चाललंय ते तुला कळणारही नाही, कारण तू स्वतःच ते झाकलेलं असशील. फटी बघून कडक पुट्टी भरायचा मोहही आवर. फळ्या फुगल्या की ती पुट्टी दबत नाही, मग जोर बरगड्यांवर जातो आणि त्या तडकतात. आधी ओल्या गोणपाटांखाली होडीला थोडी फुगू दे, कापूस मग.

फायबरवाल्याला इसार दिला असशील तर तो बुडाला समज.

मला हे ज्यांनी शिकवलं ते मिस्त्री कच्छच्या मांडवीचे, आपल्या बडोद्यातल्या दरवाज्याची मांडवी नव्हे. तिथं रुक्मावतीच्या काठी लाकडी जहाजं बांधतात, त्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मग बडोद्याला येऊन दारं-कपाटं करत होते. कारेलीबागेत माझ्या घरामागे यायचे, माझ्या होडीभोवती फिरायचे. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: पहेलां खोलीने जो, पछी वात कर. आधी उघडून बघ, मग बोल. दुसरं काही नाही. बरगडी बदलायची का? खोलीने जो. खिळे काढायचे का? खोलीने जो. तेव्हा मला वैताग यायचा. आता तुझ्याशी तोच सूर लागतोय, हे मला लिहिताना कळतंय, पण दुसरा सूर माझ्याकडे नाही.

माझी होडी पाण्यात उतरली तेव्हा ते नव्हते. एका कार्यात सगळ्यांसमोर एका नातेवाइकानं ऐकवलं, वेळेत रंग मारून सोडली असती तर म्हातारा एकदा बसला तरी असता. ते लागलं आणि अजून लागतं. ते बसायला हवे होते. पण रंग मारलेल्या होडीत ते बसले असते का? माझ्या एका फळीखाली हात घालून त्यांनी ती पूर्ण सोडवायला लावली होती, पावसाळा तोंडावर असताना. त्या फळीवर मी रंग फिरवला असता तर त्यांनी होडीकडे पाठ फिरवली असती. लोकांनी दिवाळ्या मोजल्या. घरच्यांनी वाळत घालायची जागा गेली म्हणून बोलणी दिली, त्यांचं चुकलं नाही. पण आज त्या होडीतली प्रत्येक बरगडी मला माहीत आहे. कोणती जुनी, कोणती नवी, जोड कुठे आहे, सगळं. घाईनं सोडणाऱ्यांना हे सांगता येत नाही आणि मी त्यांच्यासारखं करायला हवं होतं असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तू कारागिराच्या घरची नाहीस, जमेल का, असंही लिहिलंस. हा प्रश्नच मला आवडला नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशाळा काढली ती हातातलं काम कुणालाही शिकता यावं म्हणूनच ना? ज्या गावात ते झालं त्या गावात बसून असं विचारू नकोस.

काम कर, पण क्रमानं. सगळ्या बरगड्या एकदम उपटू नकोस, नाहीतर आकार हातातून जाईल. पुठ्ठ्याचे साचे आधी काप, मग एक काढ, एक बसव, एक सोडून पुढची घे. फळीला तुकडा जोडताना जोडाचा उतार जाडीच्या आठपट घे. बारा मिलिमीटरची फळी असेल तर शहाण्णव मिलिमीटर. सागाला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून करायची चिकटवण, लावायच्या आधी ॲसिटोननं पूस, तेलकट असतो तो. पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणचट साय येते, ती पाण्यानं घासून धुतल्याशिवाय दुसरा हात देऊ नकोस. खिळे-स्क्रू तांब्याचे किंवा ब्राँझचे. स्टेनलेस स्टील ओल्या लाकडात हवेवाचून कोंडलं की आतून गुपचूप गंजत जातं, डोकं मात्र वर चमकत राहतं.

भावाच्या प्लायला माझा विरोध नाही. पहिली होडी म्हणून वाईट नाही ती. पण आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय दर्जाचा, नुसता शिक्का बघून घरी आणू नकोस. तुकडा काप, कडेनं आतले थर बघ, पोकळी आहे का बघ, मग घरी उकळव. त्या दर्जाच्या चिकटवणीची कसोटी बहात्तर तास उकळायची असते. तू निदान दिवसभर तरी उकळव. तिथंही तेच. थरांच्या आत काय आहे ते न बघता वर रंग नाही.

आईबद्दल. अडगळ हे ती वरवर म्हणते आहे. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. होडीत प्रमाणाबाहेर माणसं बसवली होती, कितीतरी मुलांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. १९९३ चा सुरसागर तलावातला होडीचा अपघात तुझ्या आईच्या पिढीला आठवतो. बडोद्यातल्या आईला होडी म्हटल्यावर हे आठवणारच, आणि तू दिवाळीचं बोलतेस. तिला समजावत बसू नकोस, तिला दाखव. बैठकींखाली हवाबंद पेट्या कर, पण त्यांना उघडणारी झाकणं ठेव, आत ओल आली का हे दर महिन्याला बघता यायला हवं. किती माणसं बसणार तो आकडा आत ठळक रंगव. जॅकेटं पहिल्या दिवसापासून. उथळ पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ पाण्यानं भर, दोघं कडेला लटका आणि ती तरंगते का ते आईला काठावरून बघू दे. विश्वामित्री नदीत नाही, तिथं मगरी आहेत, हे तुला सांगायला नको.

दिवाळी विसर. सुरतेहून मुंबईला गेलेल्या वाडियांच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत सागाचं ‘ट्रिंकोमाली’ जहाज बांधलं, ते १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते अजून तरंगतं आहे. त्याची दुरुस्ती १९९० ला सुरू झाली ती २००१ ला संपली. त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती, तरी एवढी वर्षं लागली. तुझ्याकडे दोन हात आणि रविवार आहेत.

या रविवारी सकाळी मी तुझ्याकडे मांजलपूरला येतो. तोवर काही खरवडू नकोस, रंगही काढू नकोस, फक्त आतली घाण आणि पाला काढून ठेव. पुठ्ठ्याचे मोठे खोके मिळतील तेवढे जमव. ताडपत्री होडीवर टेकवू नकोस, बांबूवर उंच बांध आणि दोन्ही टोकं उघडी ठेव, म्हणजे हवा आरपार जाईल. टोच्या मी आणतो, तुझ्याकडचा बोथट असणार.

तुझा,
काका