गुठळी होईल म्हणून बंद केलेली गोळी

सोलापुरातलं अक्कलकोट रोडचं कुटुंब. सात वर्षांच्या मुलीला ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा जन्मजात आजार. नाकातून रक्त सुरू झालं की ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी द्यायची, असं रक्तविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं. आजीने ती बंद केली. "हिच्या आज्याला गुठळीनंच लकवा मारला. पोरीला गुठळीची गोळी कशाला?" ही भीती अनेक घरांत असते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही.

आजोबांची गुठळी मेंदूच्या धमनीतली. धमनीत रक्ताला जोर असतो; आतल्या चरबीच्या थराला चीर गेली की तिथे प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) चिकटतात आणि एकमेकींना धरून ढीग करतात. एकमेकींना धरायचं प्रथिनच या मुलीत जन्मापासून निकामी आहे. म्हणून प्लेटलेटचा काउंट 2,80,000, म्हणजे नॉर्मल असूनही रक्त थांबत नाही. नुसता सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघून 'नॉर्मल' म्हटलं की निदान लांबतं. प्लेटलेट एकमेकींना धरतात का हे बघणारी प्लेटलेट ॲग्रिगेशनची तपासणीच लागते.

गुठळीचा दुसरा प्रकार शिरेतला. पोटरीच्या शिरेत रक्त संथ वाहतं, तिथली गुठळी मुख्यतः फायब्रिनच्या (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांच्या) जाळ्याची. ते जाळं मुलीत व्यवस्थित बनतं. गोळी नवी गुठळी करत नाही, बनलेलं जाळं लवकर विरघळू देत नाही, एवढंच. लघवीतून रक्त जात असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये. गुठळी मूत्रमार्गात अडकू शकते.

त्या घरात भ्यायचं ते आजोबांच्या ॲस्पिरिनला, ती प्लेटलेटचं काम आणखी बिघडवते. ती मुलीच्या हाती लागता कामा नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्याही नकोत. तापाला पॅरासिटामॉल. कमरेत इंजेक्शन नाही.

रक्त आलं की मुलीला बसवून पुढे झुकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून 15 मिनिटं सोडायचा नाही. बहुतेकांची गडबड इथेच होते: दर मिनिटाला "थांबलं का?" म्हणून बोट काढतात आणि धरलेली खपली निघते. डोकं मागे टाकलं तर रक्त पोटात जाऊन उलटी होते. एवढं करूनही थांबलं नाही तर दवाखाना. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात नाकात सलाइनचे थेंब घालावेत.

शेवटी आईने हळूच विचारलं, "दुसरं बाळ?" नवराबायको आतेमामे भावंडं, दोघंही वाहक, म्हणजे दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत, पण स्वतःला काहीच त्रास नाही. प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याचा धोका 25 टक्के, पहिलं मूल आजारी असलं तरी तेवढाच. आधी मुलीच्या जनुकातला दोष तपासून घ्यायचा. तो सापडला तर पुढच्या वेळी साधारण 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना तपासता येतो, म्हणून ही तपासणी दिवस राहण्याआधीच उरकायला हवी.