नोटिशीतलं कलम आधी वाच

अनेक आशीर्वाद.

वकिलीची सनद मिळाली आणि फौजदारी सोडून जमिनीच्या, नगरपालिकेच्या कामात पडायचं म्हणतेस, हे वाचून बरं वाटलं. थोडी काळजीही वाटली. इथं आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो.

"सातबाऱ्यावर माझंच नाव आहे" म्हणत अशील येईल. सातबारा महसुलासाठी, त्यानं मालकी ठरत नाही, हे तू शिकलीच आहेस. पण म्हणून तो बाजूला सारू नकोस. संगणकावरच्या उताऱ्यावर न थांबता जुन्या हस्तलिखित उताऱ्यांच्या नकला काढ. वर्तुळातला फेरफार क्रमांक धरून मागं मागं जा. कुठंतरी थोरल्या भावाच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' सापडेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पुढच्या एखाद्या उताऱ्यात ती अक्षरं गळतात आणि थोरल्याची मुलं 'जमीन आमच्या बापाची' म्हणू लागतात. बहिणींची नावं उताऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात पडलेली. वाटपाचा अख्खा दावा कधीकधी त्या गळलेल्या अक्षरांवर उभा राहतो.

मग जागेवर जा. मोजणीच्या नकाशात हद्दीची रेषा एक, वहिवाटीची दुसरी. मधली पट्टी पायानं चाल. तिथं ऊस कुणाचा, मोटार कुणाची, हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की उलटतपासणीला प्रश्न शोधावे लागत नाहीत.

आता माझी चूक सांगतो. वकिलीतल्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानदाराला पालिकेची नोटीस आली, एमआरटीपीच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली, अनधिकृत बांधकामाबद्दल. मी शीर्षकही धड न वाचता दिवाणी कोर्टात मनाईचा दावा लावला. पालिकेचं म्हणणं न ऐकता, एकतर्फी, जैसे थेचा हुकूम मिळाला, पेढे वाटले गेले. पालिकेच्या वकिलांनी शांतपणे कलम 149 काढलं: त्या कायद्याखालची नोटीस दाव्यात आव्हानाला घेता येत नाही. मनाई उठली. खरी चूक त्याहून मोठी होती. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज केला असता, तर त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबली असती. मी कोर्टात पेढे खात असताना ती मुदत निघून गेली. जेसीबी आला तेव्हा दुकानदार मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बांधकाम पाडण्याआधी 15 दिवसांची नोटीस हवी, असं सुप्रीम कोर्टानं 13 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं. रस्ता, फूटपाथ, नदीपात्र अशा ठिकाणची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळली आहेत. अशील पहिलंच वाक्य ऐकून आलेला असतो, दुसरं तू सांगायचंस. आणि उद्या पालिकेच्या पॅनलवर, म्हणजे तिच्या नेमलेल्या वकिलांत गेलीस, तर हेच मुख्याधिकाऱ्यांना सांगायचंस, नोटीस निघण्याआधी. "साहेब, ही टिकणार नाही" म्हणणारा पॅनल वकील कुणाला आवडत नाही. तरी म्हण. फी तेवढीच मिळते, झोप बरी लागते.

सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस विसरू नकोस. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी माग. आणि जमलं तर मोडी शिक. जुनी कागदपत्रं वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभी राहशील?

तुझ्या पहिल्या अशिलाच्या नोटिशीचा फोटो मिळाला. खालचा अर्धाच आलाय, सही आणि शिक्का. कलम आणि तारीख वर असेल. तो भाग आजच पाठव, मग फोन करतो.