रोज आठ किलोमीटरच्या फेरीसाठी सेकंड हँड डिझेल गाडी घ्यावी का?

आपला प्रश्न असा आहे, की पुण्यात घरापासून ऑफिस आठ किलोमीटरवर आहे, महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर होतात, हाताशी सहा लाख रुपये आहेत आणि समोर दोन गाड्या आहेत, एक २०२० ची बीएस-६ (म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नवे कडक निकष पाळणारी) डिझेल आणि दुसरी २०१८ ची पेट्रोल. माझे उत्तर पेट्रोल असे आहे. परंतु आपण पुढे जे लिहिले आहे, की "डिझेलचे इंजिन दोन लाख किलोमीटरपर्यंत हलत नाही असे घरचे म्हणतात", ते वाचून मला सविस्तर लिहिणे भाग पडले, कारण हेच वाक्य ऐकून मी २०२२ साली दोन वर्षे वापरलेली डिझेल गाडी घेतली होती.

ते वाक्य माझ्या दाजींचे होते. दाजींचे कराडला हार्डवेअरचे दुकान असून आठवड्यातून दोनदा त्यांची पुण्याला फेरी असते, आणि त्यांच्या २०१३ च्या डिझेल गाडीने अडीच लाखांच्या जवळपास किलोमीटर कापले आहेत. त्यांच्या अनुभवाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मात्र माझी फेरी कोथरूड ते शिवाजीनगर अशी सात किलोमीटरची होती आणि तीही कर्वे रस्त्याने, म्हणजे सकाळी इंजिन नीट तापायच्या आत गाडी ऑफिसच्या आवारात लागलेली असे. दोघांच्या वापरातला हा फरक गाडी घेताना आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नाही.

गाडी घेतल्यावर पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर डीपीएफचा पिवळा दिवा लागला. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली, धुरातली काजळी अडवणारी जाळी. सर्व्हिस सेंटरने सांगितले, की गाडी हायवेला फिरवून आणा. त्याप्रमाणे रविवारी पहाटे मी एकटाच निघालो, खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्यापर्यंत गेलो आणि बोगद्यातून परत आलो, तेव्हा शिरवळच्या आसपास दिवा विझला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा लागला, मी पुन्हा खंबाटकी गाठली. तिसऱ्या वेळी मात्र ऑफिसच्या कामामुळे दोन रविवार गेले आणि नळ स्टॉपच्या सिग्नलनंतर गाडीने पिकअपच सोडला. मी ओळखीच्या फिटरकडे गाडी नेली. त्याने इंजिन ऑइलची पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगले बोटभर वर होते, पाण्यासारखे पातळ होऊन टोकावरून टपटप गळत होते आणि त्याला डिझेलचा उग्र वास येत होता.

त्यामागचे कारण मला त्या दिवशी नीट कळले. जाळीत काजळी साचली, की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून जाळीचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि ती काजळी जाळून टाकते. यासाठी दहा-वीस मिनिटे एका लयीत, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालावी लागते. सात किलोमीटरच्या फेरीत हे काम दर वेळी अर्ध्यावर तुटत होते आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये उतरत होते. जाळी, तिचा सेन्सर, ऑइल आणि मजुरी मिळून ७८,००० रुपये लागले. महिन्याला साडेचारशे किलोमीटर, पेट्रोलला पंधराचे आणि डिझेलला अठराचे ॲव्हरेज, आणि लिटरला १०४ व ९० रुपये असा दर धरला, तर डिझेलमुळे माझी बचत महिन्याला पावणेनऊशे रुपयांच्या आसपास होती; म्हणजे एका बिलात साडेसात वर्षांची बचत गेली.

मला याहून अधिक लागले ते पुढचे. ताईच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला चार पाहुण्यांसमोर दाजी म्हणाले, "गाडी डिझेलची होती म्हणून नाही, तुला चालवता येत नाही म्हणून बिघडली." वडीलधाऱ्या माणसाशी पंगतीत वाद घालू नये म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो, परंतु ते म्हणणे चुकीचे होते आणि आजही चुकीचेच आहे. दाजींच्या २०१३ च्या गाडीत ही जाळी मुळात नाहीच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाले आणि लहान डिझेल गाड्यांमध्ये ही यंत्रणा आली. तिचा खर्च परवडत नाही म्हणून मारुती सुझुकीने त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या. शिवाय दाजींचे डिझेलचे गणित ज्या काळात पक्के झाले, त्या २०१२ च्या सुमारास दोन्ही इंधनांच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, कारण पेट्रोलवरचे सरकारी नियंत्रण २०१० मध्ये उठले होते आणि डिझेलवरचे उठायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. २०२४-२५ पर्यंत तो फरक तेरा-चौदा रुपयांवर आला होता. त्यांची गाडी आणि माझी गाडी पंपावर एकाच नळीखाली उभ्या राहत असतील, पण ती दोन वेगळी यंत्रे आहेत.

म्हणून महिन्याचे किलोमीटर मोजण्याऐवजी आपली एक फेरी किती लांबीची आहे ते पाहा. आपण दर शनिवारी गावी जात असाल आणि तो रस्ता मोकळा असेल, तर माझे वरचे म्हणणे बरेचसे लागू होत नाही. तसे असेल तर डिझेल जरूर पाहा, मात्र स्कॅनर लावून जाळीत किती काजळी साचली आहे ते वाचून घ्या, गाडी पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करा आणि ऑइलची पट्टी हुंगल्याशिवाय टोकन देऊ नका. दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी दाखवली, तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि इथे नव्याने भरावा लागणारा कर किमतीत धरा. पेट्रोलचीही एक बाजू सांगायची राहिली. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि २०१८ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, त्यामुळे ॲव्हरेज थोडे कमी मिळेल आणि इंधनाच्या रबरी नळ्या फिटरकडून पाहून घ्याव्या लागतील. त्या बदलाव्या लागल्या तरी तो खर्च डीपीएफच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

माझ्या भाच्याला गेल्या महिन्यात हिंजवडीत नोकरी लागली आणि त्याची खोली वाकडला आहे, म्हणजे फेरी छोटीच. ताईने गाडीबद्दल मला विचारले, तेव्हा मी पेट्रोलच सांगितले आणि वरचा सगळा हिशोब कागदावर मांडून कराडला पाठवला. दाजींनी तो वाचला आहे, असे ताई म्हणते.