सॅम्पल उचलण्याआधी

अरे, सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमधून आपल्या गाण्यासाठी उचललेला तुकडा. पहिल्याच ट्रॅकमध्ये सहा जुनी गाणी कोंबू नकोस. एकच घे, पण त्यातला नेमका तुकडा शोध. ब्लॅक बॉक्स या इटालियन मंडळींचं ‘राइड ऑन टाइम’ हेडफोन लावून ऐक. १९८० च्या ‘लव्ह सेन्सेशन’ गाण्यातला गायिका लोलिएटा हॉलोवेचा आवाज त्यांनी उचलला, पियानोच्या ठोक्यांवर बसवला आणि १९८९ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. व्हिडिओत मात्र ओठ हलवत होती एक मॉडेल! प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि नंतर तोच भाग हेदर स्मॉल या गायिकेकडून नव्याने गाऊन घेतला गेला.

तेव्हा परवानगी आधी बघ. ती दोन ठिकाणांहून लागते: रेकॉर्डिंगचा मालक आणि गीत-संगीताचे हक्कदार. ‘दोन सेकंद विनापरवानगी चालतात’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. मी लागलो होतो, ट्रॅक अजून हार्ड डिस्कवर धूळ खातोय.

आणि हो, जुन्या रेकॉर्डिंगमधला ड्रमर माणूस असतो, लय किंचित मागेपुढे होते. अख्खा तुकडा ताणू नकोस. ठोक्या-ठोक्यावर काप, मग ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या तालरेषांवर, बसव.